तारखेचा क्लास स्वतः लिहिताना: दिवसक्रमांकापासून हप्त्याच्या तारखेपर्यंत

आडतीची पट्टी असो, उसाची काटापट्टी असो, बचत गटाच्या हप्त्यांची वही असो की फेरफारांची नोंद. सॉफ्टवेअर लिहायला बसलं की तारीख कुठेतरी आडवी येतेच. बेरीज-वजाबाकी बरोबर असते, पण फेब्रुवारीत व्याज एका दिवसानं चुकतं, ३१ तारखेचा हप्ता गायब होतो, एखाद्याची जन्मतारीख आदल्या दिवसाची दिसते. जावा, पायथन, सी शार्प या सगळ्यांत तारखेचा तयार क्लास आहे आणि रोजच्या कामात तोच वापरावा. पण तो क्लास आतून कुठले निर्णय घेतो हे कळायचं असेल, तर एकदा स्वतः लिहिण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. नांदेड-लातूरपासून संभाजीनगरपर्यंत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना हा प्रश्न प्रॅक्टिकलला येतो आणि बहुतेक वेळा तीन इंटीजर व एक छापायची मेथड एवढ्यावरच संपतो. इथे तो शेवटपर्यंत नेऊ. खालची मांडणी कुठल्याच एका भाषेची नाही. आपापल्या भाषेत उतरवून घ्या.

आधी ठरवा: या क्लासमध्ये वेळ नाही

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना. जागतिक भूकंप-नोंदींत तोच भूकंप २९ सप्टेंबरला, २२ वाजून २५ मिनिटांनी असा सापडतो. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून एकाच क्षणाला दोन तारखा पडतात.

म्हणजे क्षण वेगळा आणि तारीख वेगळी. क्षणाची तारीख काढायला टाइमझोन लागतो. पण जन्मतारीख, देय तारीख, दस्ताची तारीख यांना टाइमझोन नसतोच. या दोन गोष्टी एकाच क्लासमध्ये कोंबल्या की ठरलेली चूक होते: जन्मतारीख 'त्या दिवशीची मध्यरात्र' म्हणून साठवली जाते, सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असतो, आणि भारतातली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीचे १८:३० होते. पुढे कुणी वेळेचा भाग कापून टाकला की तारीख एक दिवस मागे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेली माणसं गावोगावी आहेत. यादीत ओळीनं ३१ मे दिसायला लागलं तर दुसरीकडे शोधू नका, कारण हेच असतं.

त्यामुळे आपल्या क्लासचं नाव 'तारीख', आणि त्यात तास, मिनिट, टाइमझोन यांतलं काहीही नाही. 'आजची तारीख' देणारी मेथडसुद्धा टाइमझोन मागून घेणारी असावी. सर्व्हरच्या घड्याळावर तिनं विसंबू नये.

आत काय साठवायचं

वर्ष, महिना, दिवस अशी तीन फील्ड ठेवता येतात. आमचं मत मात्र एकाच इंटीजरच्या बाजूनं आहे: दिवसक्रमांक. १ जानेवारी १९७० म्हणजे ०, त्याच्या पुढचे दिवस धन, आधीचे ऋण. असं केलं की दोन तारखांमधलं अंतर म्हणजे साधी वजाबाकी, लहानमोठेपणा म्हणजे दोन अंकांची तुलना, वार म्हणजे सातनं भागून उरलेली बाकी. सगळा अवघड भाग दोनच मेथडमध्ये बंद होतो: तारखेवरून क्रमांक आणि क्रमांकावरून तारीख.

एक्सेलही हेच करतं, पण त्याची सुरुवात १ जानेवारी १९०० = १ अशी आहे. शिवाय त्यात ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० ला दिलेला आहे, आणि असा दिवस कधी झालाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम तशीच ठेवली गेली. एक्सेलच्या फाइलमधून आकडे उचलायचे असतील तर १ मार्च १९०० आणि नंतरच्या तारखांसाठी २५५६९ वजा करा, आपला दिवसक्रमांक मिळतो. त्याआधीचे आकडे आले तर सरळ नाकारा.

पायरी १: खोटी तारीख आत येऊच देऊ नका

कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवा. बाहेरच्यांसाठी दोन स्टॅटिक मेथड द्या: तारीख.पासून(वर्ष, महिना, दिवस) आणि तारीख.क्रमांकावरून(न). दोन वेगळी नावं असली की आकड्यांचा अर्थ गोंधळत नाही.

पहिल्या मेथडमध्ये तपासणीचा क्रम असा: वर्ष १ ते ९९९९, महिना १ ते १२, मग त्या वर्षातल्या त्या महिन्याचे दिवस. महिना तपासण्याआधीच दिवसांच्या तक्त्यात हात घातला तर महिना १३ आल्यावर 'अरेच्या बाहेर' असली निरुपयोगी एरर मिळते. महिना १ पासूनच मोजा. जावाच्या जुन्या तारीख-क्लासमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी म्हणजे ० आहे, आणि त्या एका निर्णयानं आजवर असंख्य पावत्या महिनाभर सरकवल्या आहेत.

लीप वर्षाचा नियम:

```
लीप(वर्ष):
    जर वर्ष ला ४ नं भाग जात नाही    → नाही
    जर वर्ष ला १०० नं भाग जात नाही  → होय
    वर्ष ला ४०० नं भाग जातो का, तेच उत्तर
```

२००० लीप होतं. १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. नुसतं 'चारनं भाग जातो का' एवढं तपासलेला प्रोग्रॅम मार्च १९०० पासून फेब्रुवारी २१०० पर्यंत कुठेही चुकत नाही, म्हणून ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही. १९०० आणि २१०० या दोन वर्षांची टेस्ट मुद्दाम लिहावी लागते.

तारीख चुकीची असेल तर एक्सेप्शन फेका आणि संदेशात आलेले आकडे जसेच्या तसे लिहा. 'दुरुस्त' करून घेऊ नका. जावास्क्रिप्टला ३१ फेब्रुवारी २०२३ दिली तर ते तक्रार न करता ३ मार्च बनवतं. जावाचा जुना फॉरमॅटरही मुळात तसाच सैल आहे. नोंद करणाऱ्याची बोटाची चूक अशानं हिशोबात खरी होऊन बसते.

पायरी २: तारखेवरून दिवसक्रमांक

लोक इथे १९७० पासून वर्षं मोजणारा लूप लिहितात. तो चालतो, पण हळू असतो आणि १९७० च्या आधी हमखास बिघडतो. त्याऐवजी वर्ष मार्चपासून सुरू होतं असं धरा. मग २९ फेब्रुवारी हा वर्षाचा शेवटचा दिवस होतो आणि लीप वर्षाचा त्रास मधल्या महिन्यांना राहत नाही. मार्च ते जुलै ३१, ३०, ३१, ३०, ३१ म्हणजे १५३ दिवस. ऑगस्ट ते डिसेंबर पुन्हा तेच १५३. म्हणून महिन्याची सुरुवात काढायला तक्ता लागत नाही, १५३ आणि ५ पुरतात. खालच्या नावांत व म्हणजे मार्चपासूनचं वर्ष, युग म्हणजे ४०० वर्षांचा गट, यव म्हणजे युगातलं वर्ष, म म्हणजे मार्चपासून मोजलेला महिना, वदि म्हणजे वर्षातला दिवस आणि युदि म्हणजे युगातला दिवस.

```
व    = महिना ≤ २ असेल तर वर्ष − १, नाहीतर वर्ष
युग   = व ÷ ४००
यव   = व − युग × ४००
म    = महिना > २ असेल तर महिना − ३, नाहीतर महिना + ९
वदि  = (१५३ × म + २) ÷ ५ + दिवस − १
युदि  = यव × ३६५ + यव ÷ ४ − यव ÷ १०० + वदि
क्रमांक = युग × १४६०९७ + युदि − ७१९४६८
```

सगळे भागाकार पूर्णांकात. १४६०९७ हे ४०० वर्षांतले दिवस. ७१९४६८ हे शून्य वर्षाच्या १ मार्चपासून १ जानेवारी १९७० पर्यंतचे.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनावर, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ वर, हे हातानं करून पाहा. महिना ९, म्हणून व = १९४८, युग = ४, यव = ३४८, म = ६. वदि = (९१८ + २) ÷ ५ + १६ = १८४ + १६ = २००. युदि = १२७०२० + ८७ − ३ + २०० = १२७३०४. शेवटी ५८४३८८ + १२७३०४ − ७१९४६८ = −७७७६. कागदावर हे एकदा जमलं की कोडमधला कंस कुठे चुकला ते लगेच सापडतं. बहुतेकांचा 'म' काढताना चुकतो.

पायरी ३: वार, आणि ऋण बाकीचा सापळा

१ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. रविवार ० धरला तर वार = (क्रमांक + ४) ला ७ नं भागून उरलेली बाकी. मुक्तिसंग्राम दिनासाठी −७७७६ + ४ = −७७७२. पायथनमध्ये याची बाकी ५ येते, म्हणजे शुक्रवार, आणि तो दिवस शुक्रवारच होता. तीच ओळ जावात, सी शार्पमध्ये किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिली की बाकी −२ येते. वारांच्या अरेत −२ नावाची जागा नसते आणि प्रोग्रॅम पडतो.

कारण साधं आहे. पायथनचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो, या भाषांचा शून्याकडे. उपाय: बाकी ऋण आली तर ७ मिळवा. जावात त्यासाठी तयार मेथडही आहे. हे १९७० नंतरच्या तारखांवर कधीच दिसत नाही. पेन्शन, वारस नोंद, जुने दस्त अशा कामांत पहिल्याच दिवशी दिसतं.

पायरी ४: उलटा प्रवास

```
झ    = क्रमांक + ७१९४६८
युग   = झ ÷ १४६०९७   (खालच्या पूर्णांकाकडे)
युदि  = झ − युग × १४६०९७
यव   = (युदि − युदि ÷ १४६० + युदि ÷ ३६५२४ − युदि ÷ १४६०९६) ÷ ३६५
वदि  = युदि − (३६५ × यव + यव ÷ ४ − यव ÷ १००)
म    = (५ × वदि + २) ÷ १५३
दिवस  = वदि − (१५३ × म + २) ÷ ५ + १
महिना = म < १० असेल तर म + ३, नाहीतर म − ९
वर्ष  = यव + युग × ४००, आणि महिना ≤ २ असेल तर त्यात १ मिळवा
```

क्रमांकावरून() मेथडमध्येही मर्यादा तपासा, नाहीतर बेरीज करता करता कुणी वर्ष १०००० मध्ये पोहोचेल.

पायरी ५: न बदलणारा ऑब्जेक्ट

क्लासमध्ये एकही सेटर नको. दिवसमिळवा() नं जुना ऑब्जेक्ट हलवायचा नाही, नवा परत द्यायचा. कर्जवाटपाची तारीख आणि पहिल्या हप्त्याची मूळ तारीख या दोन फील्डमध्ये एकच ऑब्जेक्ट ठेवला, आणि हप्ता पुढे ढकलताना तोच बदलला, तर कर्ज वाटल्याची तारीखही सरकते. कोड वाचून ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर दिसतात. जावाचा १९९६ चा मूळ क्लास बदलता येणारा होता. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या नव्या संचात तारीख बदलता येत नाही.

समानतेची मेथड लिहिली की हॅशची मेथडही लिहायचीच. एकच लिहिलीत तर मॅपमध्ये ठेवलेली तारीख पुन्हा शोधताना सापडत नाही. दोन्हींचा आधार दिवसक्रमांक. तुलनेची मेथडही त्यावरच, पण वजाबाकी करून नाही. थेट लहान-मोठं तपासा.

पायरी ६: दिवस मिळवणं

मेथड एका ओळीची आहे, विचार मात्र मोजणीचा करावा लागतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २० फेब्रुवारीला ऊस काट्यावर गेला, तर २०२३ मध्ये मुदत ६ मार्चला संपते आणि २०२४ मध्ये ५ मार्चला. पहिला दिवस धरायचा नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ चा नियमही तोच आहे. मुक्कामाचे किंवा हजेरीचे दिवस मोजताना मात्र दोन्ही टोकं धरतात. म्हणून 'फरक' असं मोघम नाव देऊ नका. अंतर_दिवस() आणि दोन्ही_धरून_दिवस() अशा दोन मेथड ठेवा.

पायरी ७: महिने मिळवणं, जिथे खरी कसोटी आहे

```
एकूण  = वर्ष × १२ + (महिना − १) + न
नवं वर्ष  = एकूण ÷ १२
नवा महिना = एकूण ची १२ नं बाकी + १
नवा दिवस  = दिवस आणि नव्या महिन्याची लांबी, यांतलं लहान
```

३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. आता बचत गटाच्या कर्जाचे हप्ते पाडा. प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवून काढला तर २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल असं होतं. ३१ तारीख एकदा गेली ती परत येत नाही. मूळ तारखेत १, २, ३ महिने मिळवले तर २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल. दुसरी पद्धत बरोबर. हप्त्यांच्या लूपमध्ये 'मागची तारीख' नावाचं व्हेरिएबल दिसलं की तिथेच थांबून तपासा.

मिळवणं आणि वजा करणं एकमेकांना रद्दही करत नाहीत. ३१ मार्च २०२५ मधून एक महिना वजा केला की २८ फेब्रुवारी, त्यात एक मिळवला की २८ मार्च. हा दोष कोडचा नाही, महिन्यांच्या लांबीचा आहे. मेथडच्या वरच्या टिपेत तो स्पष्ट लिहा.

वय काढतानाही हेच टोचतं. जन्म २९ फेब्रुवारी २००४. महिना-दिवसाची तुलना करणारी मेथड २०२५ मध्ये २१ वर्षं १ मार्चला पूर्ण झाली म्हणते. 'जन्मतारखेत २१ वर्षं मिळवा' म्हणणारी मेथड २८ फेब्रुवारीला. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धती असल्या तर एका स्क्रीनवर माणूस पात्र आणि दुसऱ्यावर अपात्र. कुठला नियम घ्यायचा ते ज्याचं काम आहे त्याला विचारा आणि एकाच मेथडमध्ये ठेवा.

आर्थिक वर्ष एप्रिलपासून, महसुली वर्ष १ ऑगस्टपासून, साखर हंगाम ऑक्टोबरपासून. यासाठी तीन मेथड नकोत. सुरुवातीचा महिना घेणारी एक पुरते, आणि तिची जागा तारीख-क्लासच्या बाहेर.

वाचणं आणि छापणं

साठवण आणि देवाणघेवाण नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, चार-दोन-दोन आकड्यांत करा: २०२५-०२-२८. मजकूर म्हणून लावली तरी क्रम बरोबर लागतो. लोकांसमोर दिवस/महिना/वर्ष. ०५/०६/२०२५ ही ५ जून आहे हे वाचणाऱ्या मेथडला फॉरमॅट देऊनच सांगा. अंदाज लावणारा पार्सर १३ तारखेपर्यंत शांत राहतो आणि तोवर महिन्याचा निम्मा डेटा उलटा झालेला असतो.

दोन आकडी वर्ष शक्यतो घेऊच नका. पायथनच्या नियमात ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. जन्मवर्ष ४८ लिहिलेले आजोबा त्यानं २०४८ मध्ये जन्माला घातले जातात.

मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक येतील. पायथन आणि जावा ते आकडे म्हणून वाचतात, जावास्क्रिप्ट वाचत नाही. भाषेवर सोडू नका. वाचण्याआधी ० ते ९ या दहा चिन्हांचं इंग्रजी अंकांत रूपांतर स्वतः करा. जावात छापताना वर्षासाठी मोठ्या लिपीतला वाय वापरू नका. तो आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष देतो आणि ३१ डिसेंबर २०२४ ला २०२५ छापतो.

फसली, शक आणि तिथी

मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर फसली सन, म्हणजे हैदराबाद संस्थानातलं महसुली वर्ष, येतो: आझूर, दै, बहमन अशा महिन्यांचा. इथे 'फसलीतारीख' हा उपक्लास काढायचा मोह होतो. काढू नका. फसली तारखेचे महिने वेगळे, लांबी वेगळी. वरच्या क्लासच्या मेथड तिला लागू पडत नाहीत. वेगळा रूपांतरक लिहा, ज्याला दोनच कामं येतात: फसलीवरून दिवसक्रमांक आणि दिवसक्रमांकावरून फसली. दोन पंचांगं क्रमांकावर भेटतात, वारशानं नाही.

नुसतं वर्ष हवं असेल तरी '५९० मिळवा' पुरत नाही. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या जानेवारीपासून ५९१. जहागिरी रद्द करणारं १३५८ फसलीचं रेग्युलेशन ऑगस्ट १९४९ चं आहे, ते यावर ताडून पाहता येतं. मद्रासकडचं फसली वर्ष जुलैत सुरू होई, तिकडचा तक्ता इकडे लावू नये.

राष्ट्रीय सौर शक सोपा आहे. १ चैत्र १८७९ म्हणजे २२ मार्च १९५७. लीप वर्षी १ चैत्र २१ मार्चला येतो आणि चैत्र ३१ दिवसांचा होतो, एरवी ३०. वैशाख ते भाद्रपद ३१, आश्विन ते फाल्गुन ३०. पाडव्याला बदलणारा, परंपरेनं पैठणच्या शालिवाहनाशी जोडलेला चांद्र शक मात्र यात बसत नाही. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक मास येतो. तिथी बेरजेनं काढता येत नाही. पंचांगावरून तक्ता भरून तो दिवसक्रमांकाला जोडा.

टेस्ट

हे आकडे तसेच उचला: १ जानेवारी १९७० = ०, गुरुवार. १७ सप्टेंबर १९४८ = −७७७६, शुक्रवार. १ मे १९६० = −३५३२, रविवार. ३० सप्टेंबर १९९३ = ८६७३, गुरुवार. २९ फेब्रुवारी २००० = ११०१६, मंगळवार. २८ फेब्रुवारी १९०० = −२५५०९ आणि १ मार्च १९०० = −२५५०८, लगतचे.

मग मोठी फेरी. १ जानेवारी १८०० ते ३१ डिसेंबर २१९९ असा प्रत्येक दिवस क्रमांकावरून बनवा, पुन्हा क्रमांक काढा, तोच आला पाहिजे. वार आधीच्या दिवसाच्या पुढचा आला पाहिजे. एकूण दिवस १,४६,०९७ भरले पाहिजेत. त्याच लूपमध्ये भाषेच्या तयार क्लासशीही उत्तर ताडून घ्या. जावाचा जुना ग्रेगोरियन क्लास ताडणीला घेतलात तर ऑक्टोबर १५८२ च्या मागे जाऊ नका: तिथे तो ४ तारखेनंतर थेट १५ वर जातो, आपला क्लास मात्र आजचाच नियम मागे नेतो. संगणकाचा टाइमझोन एकदा भारताचा आणि एकदा जागतिक ठेवून सगळ्या टेस्ट दोनदा चालवा. दोन्ही वेळी निकाल सारखा आला नाही, तर वेळ कुठून तरी क्लासमध्ये शिरली आहे. 'आजची तारीख' देणाऱ्या मेथडपासून शोध सुरू करा, मग डेटाबेसचा कॉलम पाहा. तो वेळेसह असलेल्या प्रकाराचा निघाला तर नुसत्या तारखेच्या प्रकाराचा करून घ्या.